दादांची टोपणनावं

गोष्ट साधीच आहे. एका गुरुवारी दुपारी जेवण आटोपून भाऊजी निघाले, ते वहिनींच्या मेलला टोपणनावं लावून द्यायला. अर्ध्या तासाचं काम. येताना लिंबं आणायला बायकोने बजावून सांगितलं होतं. पण म्हणतात ना, करायला गेलो एक आणि झालं भलतंच. लिंबं राहिली ती राहिलीच.

भाऊजी म्हणजे साठी उलटलेले गृहस्थ. सगळी नोकरी एका कारखान्याच्या संगणकखोलीत गेली, तिथे काय घडलं त्याची ओळन् ओळ यंत्र स्वतःच 'लॉग' नावाच्या नोंदवहीत लिहून ठेवायचं. त्यामुळे भुताखेतांची गोष्ट कुणी काढली की भाऊजींचा एकच प्रश्न असे, "लॉगमध्ये नोंद आहे का?" नसली की विषय संपला. हा प्रश्न जरा लक्षात ठेवा, कारण पुढे तो त्यांच्याच अंगाशी आला.

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान आणि भाऊजींचे थोरले बंधू, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. दादा मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, आणि त्याच सवयीने घरातल्या माणसांच्याही काढल्या. चूक सापडली की हातातली पेन्सिल टेबलावर दोनदा आपटायची, टक्, टक्, आणि दाढेखालची लवंग या गालातून त्या गालात न्यायची. माऊस, चित्रं, चमचमणारी बटणं हा सगळा पोरखेळ आहे असं त्यांचं मत होतं. त्यांचा मेलचा प्रोग्रॅमही त्यांच्यासारखाच, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि जे हवं ते टाइप करून सांगायचं. तो भाऊजींनीच बसवून दिला होता. संगणकाला नाव काय ठेवू, असं विचारल्यावर दादा म्हणाले, "अलीकडे ठेव." का, तर पत्रं पलीकडून निघतात आणि अलीकडे उतरतात. दादांचे विनोद असेच असायचे, कळून हसू यायला दोन दिवस लागायचे.

तर या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते. लांबलचक पत्ते दर वेळी टाइप करायला नकोत म्हणून एका फाइलमध्ये टोपणनावांची यादी करून ठेवायची. आधी टोपणनाव, पुढे खरा पत्ता. पत्र लिहायला घेतलं की 'कोणाला?' अशी ओळ येते. तिथे नुसतं 'डॉक्टर' लिहिलं की प्रोग्रॅम यादीत बघून पूर्ण पत्ता स्वतः भरतो. शिवाय ओळीच्या सुरुवातीला एक # अशी खूण केली की पुढचं आपल्यापुरतं, प्रोग्रॅम तिकडे ढुंकूनही बघत नाही. दादांना वाटलं, हा तर आपला पानाच्या कडेचा समास! मग काय, प्रत्येक नावाखाली शेरा. 'प्रकाशक'च्या खाली लिहिलेलं, # दोनदा लिहावे, तिसऱ्यांदा जाऊन बसावे. 'दाढदुखी' म्हणजे दाताचे डॉक्टर, त्यांच्याखाली, # फार हसतो, सावध असावे. आणि 'धाकटा' म्हणजे खुद्द भाऊजी. त्यांच्याखाली, # फोन करू नये, बोलत बसतो.

स्वतःवरचा तो शेरा भाऊजींनी दादा गेल्यावर पहिल्यांदा वाचला. आधी राग आला, मग रडू आलं.

तसं भाऊजींचं खरं टोपणनाव धाकटा नव्हतंच. लहानपणी दादा जातील तिथे हे मागे, म्हणून दादा त्यांना 'शेपूट' म्हणायचे. शाळेच्या बसमध्ये दादा आधी चढून खिडकीजवळची जागा पकडायचे, शेजारी रुमाल टाकायचे, आणि कुणी बसायला आलं की सांगायचे, ही शेपटाची जागा आहे. एकदाही ती जागा गेली नाही. स्वतःचं लग्न ठरलं त्या दिवशी दादांनी ते नाव बंद केलं, नव्या नवरीसमोर शोभत नाही म्हणून. आता ते नाव ठाऊक असलेलं कुणी उरलं नव्हतं. भाऊजींनी ते बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, आणि वहिनींना तर मुळीच नाही.

वहिनींनी दार उघडलं तेव्हा तीन वाजत आले होते. सकाळपासून धुकं होतं. जिन्यातला दिवा भरदुपारी लावलेला, समोरच्या इमारतीच्या फक्त कडा दिसत होत्या. दादांची खोली घराच्या शेवटाला. पुस्तकांच्या थप्प्या, गोंदाची बाटली, पेन्सिलींचा पेला, सगळं होतं तसंच. वहिनींनी धूळ तेवढी पुसली होती. यंत्राचा पंखा घर्र घर्र चालला होता, बाकी आवाज नाही.

वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तीस वर्षं कानाला यंत्र लावून त्यांनी लोकांची लोकांशी गाठ घालून दिली, त्यामुळे घाबरणं, गडबडणं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की चष्मा लावूनही ते लांब पत्ते आणि मधला तो शेपटीवाला ए त्यांना टाइप होत नाही. "आमच्या वेळी लोक म्हणायचे, डॉक्टरांना द्या, की आम्ही देत होतो. तसं करून द्या मला." भाऊजी म्हणाले, तसंच तर आहे हे, दादांनी तुमचं एक्स्चेंजच बसवलंय.

पण वहिनींना डॉक्टर नको होते आणि दाढदुखीही नको होती. त्यांना एकच नाव लागायला हवं होतं. खारू.

खारू ही त्यांची एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी लांब समुद्रावर, तळाची मोजणी करणाऱ्या एका जहाजावर नोकरी धरून निघाली, तेव्हा बापलेकीचं कडाक्याचं वाजलं. दादा रागाच्या भरात म्हणाले, "जायचं तर जा. मला पत्तासुद्धा देऊ नकोस." लेक त्यांचीच. तिने शब्द अक्षरशः पाळला. आईला तेवढा अधूनमधून फोन करायची, तोही कुठल्या तरी बंदरावरून. शेवटचा फोन आला त्याला चार महिने झाले होते. नोकरी बदलतेय, नव्या जागी बस्तान बसलं की कळवते, असं ती म्हणाली होती. त्यानंतर दोन महिन्यांनी दादा गेले. जुन्या कंपनीने सांगितलं की ती इथून गेली, पुढचं ठाऊक नाही.

म्हणजे बाप गेला हे लेकीला माहीतच नव्हतं. एखाद्या दिवशी हसत फोन करेल आणि परक्या कुणाकडून कळेल, या विचाराने वहिनींची झोप उडाली होती. बोलून दाखवत नव्हत्या इतकंच.

भाऊजी कामाला लागले. जुनी यादी तपासली, मेलेले पत्ते काढले, राहिलेले ओळीने लावले. वहिनींनी परीक्षा म्हणून 'धाकटा' लिहून पत्र पाठवलं आणि भाऊजींच्या खिशातला फोन वाजला. पत्रात लिहिलं होतं, चहा घेणार का? दोघं हसले. मग वहिनींनी 'खारू' लिहिलं. प्रोग्रॅमने यादीतला, ती जाण्याआधीचा जुना पत्ता भरला, पत्र सुटलं, आणि मिनिटभरात परत आलं. या पत्त्यावर असं कुणी नाही. शेजारच्या मुलाकडून टाइप करून घेतलेलं हेच पत्र आतापर्यंत सतरा वेळा परत आलं होतं, असं वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी खिशातून निळ्या चौकडीचा रुमाल काढला, उगाचच चष्मा पुसला, रुमाल परत खिशात घातला, आणि म्हणाले की तुम्ही बसा, चहा मी टाकतो.

दोन कप घेऊन ते परत आले तेव्हा वहिनी टाइप करत होत्या, एका बोटाने, सावकाश. भाऊजींनी मागून डोकावून पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. 'कोणाला?' या ओळीपुढे वहिनींनी लिहिलं होतं, अहो.

"वहिनी, हे काय?"

"का? कोणाला म्हणून विचारतोय ना तो?"

"अहो, पण नाव लिहायचं असतं तिथे."

"चाळीस वर्षांत कधी यांचं नाव घेतलं नाही भाऊजी, आता घेऊ होय? मी यांना अहोच म्हणते. यांना कळेल."

आणि त्यांनी पाठवायचं बटण दाबूनही टाकलं. पत्र दोनच ओळींचं होतं. खारूचा पत्ता सापडत नाही. तुम्हाला ठाऊक असला तर सांगा.

भाऊजींनी कप खाली ठेवले. त्यांना एकदम फार वाईट वाटलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, तेही मास्तरांच्या सुरात, कारण त्यांना दुसरा सूर येत नव्हता. यादीत जे टोपणनाव नाही ते लिहिलं, तर प्रोग्रॅमला वाटतं की हे याच यंत्रावरचं कुणी आहे. मग तो त्यापुढे यंत्राचं नाव जोडतो. म्हणजे तुमचं पत्र गेलं 'अहो, मुक्काम अलीकडे' अशा पत्त्यावर. अलीकडे तर अहो नावाचं कुणी नाही. तेव्हा दोन मिनिटांत परत येईल, मनाला लावून घेऊ नका.

वहिनी बरं म्हणाल्या आणि त्यांनी कप हातात घेतला.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. चहा संपत आला. पत्र काही परत येईना. बाहेरचं धुकं खिडकीच्या काचेला अगदी टेकलं होतं. पंख्याची घर्र घर्र मध्येच कमी झाली, मध्येच वाढली. भाऊजी म्हणाले, अडकलं असेल कुठे तरी, बघतो. आणि सवयीने त्यांनी लॉग उघडला.

लॉगमध्ये नोंद होती.

तीन वाजून चौतीस मिनिटं. अहो, मुक्काम पलीकडे. स्वीकारलं.

भाऊजींनी ती ओळ तीनदा वाचली. अलीकडे नव्हे, पलीकडे. पलीकडे नावाचं यंत्र त्यांनी कधी बसवलं नव्हतं. घरात यंत्रच एक. त्यांनी नेटवर्कला विचारलं की पलीकडे कुठे आहे, तर उत्तर आलं, असं कोणतंही नाव सापडत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. जे नाही त्याने पत्र घेतलं होतं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"पोचलंय म्हणतो..."

"मग पोचलं असेल."

"वहिनी, पण कुठे..."

वहिनींनी बोट ओठांवर ठेवलं. एक्स्चेंजमध्ये लाइन जोडली की करायच्या तसं. जोडून दिल्यावर आपण मध्ये बोलायचं नाही, पलीकडचा माणूस उचलेपर्यंत थांबायचं, हे त्या नव्या मुलींना शिकवत असत. त्या तशाच बसून राहिल्या, दोन्ही हातांत कप धरून, मान किंचित कलती. चेहऱ्यावर भीती नव्हतीच. उलट, खूप दिवसांनी कुणाची तरी वाट बघायला मिळाल्याचं समाधान होतं.

तेव्हा भाऊजींना वास आला. लवंगेचा. आधी पुसट, मग स्पष्ट, दादा खुर्चीमागे उभे राहून आपलं लिखाण वाचायचे तेव्हा यायचा तितक्या जवळून. वळून बघावं असं भाऊजींना वाटलं, पण मान काही वळली नाही.

आणि टेबलावर आवाज झाला. टक्... टक्.

"नळाच्या पाइपचा असेल," भाऊजी म्हणाले. आपला आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"हं," वहिनी म्हणाल्या. "यादी बघा."

यादी कशाला बघायची हे भाऊजींनी विचारलं नाही. त्यांनी फाइल उघडली. मघाशी त्यांनी स्वतः लावलेल्या ओळी जिथल्या तिथे होत्या. फक्त खारूच्या ओळीत बदल झाला होता. तिथे जुना पत्ता नव्हता. तिथे एक नवाच पत्ता होता, भाऊजींनी कधी न पाहिलेला, आणि खाली शेरा होता.

# जुना पत्ता चुकीचा, काढला. हा बरोबर आहे. तपासला.

फाइल बदलल्याची वेळ पडली होती तीन बेचाळीस. तीन बेचाळीसला दोघं चहा पीत होते. भाऊजींना खात्री करून घ्यायची होती, म्हणून त्यांनी वहिनींना विचारलंसुद्धा की तुम्ही काही टाइप केलंत का. वहिनींनी हातातला कप दाखवला आणि म्हणाल्या, "मला शेपटीवाला ए तरी येतो का?"

भाऊजी म्हणाले, आज राहू दे. आपण उद्या नीट बघू, कुणीतरी बाहेरून शिरलं असेल यंत्रात, कुणाचा पत्ता आहे कोण जाणे. ते बरंच काही म्हणाले. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. एका बोटाने त्यांनी खारू लिहिलं. मग लिहिलं, बाबा गेले. दोन महिने झाले. मी बरी आहे. फोन कर. आणि पाठवलं.

हे पत्र परत आलं नाही.

दहा मिनिटं झाली असतील. बाहेरच्या खोलीतला फोन वाजला तसे भाऊजी खुर्चीतल्या खुर्चीत दचकले. वहिनी उठून गेल्या. बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं, तिकडचं आणि इकडचं. भाऊजी दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. वहिनी लेकीला सगळं सांगत होत्या, शेवटचा दिवस कसा गेला, त्रास झाला नाही, काकांनी सगळं निस्तरलं. मग त्या थांबल्या. फोनमधला आवाज भाऊजींनाही ऐकू आला, इतकी खारू मोठ्याने बोलत होती.

"आई, पण हा पत्ता तुला दिला कुणी? मी आत्ता घेतलाय तो. तास नाही झाला. मी तो अजून कुणालाच दिलेला नाही."

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बाबांच्या यादीत होता."

"बाबांनी... लिहून ठेवला होता?"

"हो. तपासून. बरोबर आहे असा शेराही मारलाय."

पुढचं बोलणं भाऊजींनी ऐकलं नाही, ऐकवलंही नाही त्यांना. पण फोन ठेवला तेव्हा वहिनींचा चेहरा धुऊन पुसल्यासारखा मोकळा झाला होता. खारू रविवारी येणार होती, महिनाभर राहणार होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा वहिनींनी मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. खारूची खोली उघडायला हवी, गाद्यांना वारा द्यायला हवा, भाऊजी, तुम्ही जेवूनच जा आता. बोलता बोलता त्या निघूनही गेल्या आणि तिकडून खिडक्या उघडल्याचे आवाज येऊ लागले.

भाऊजींना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. भीती होती, नाही कशी, पण दादा आपल्या लेकीचं काम करून गेले यात भिण्यासारखं काय आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. 'पत्ता देऊ नकोस' म्हणालेल्या बापाने शेवटी पत्ता स्वतःच शोधून काढला. चूक दुरुस्त केली. तेच तर काम होतं त्यांचं. भाऊजींनी ओल्या डोळ्यांनी यंत्राला नमस्कार केला आणि बंद करायच्या आधी यादीची एक प्रत काढून ठेवावी म्हणून फाइल पुन्हा उघडली.

सर्वांत खाली एक ओळ जास्त होती.

टोपणनाव शेपूट. पत्ता, शेपूट, मुक्काम पलीकडे.

खाली शेरा होता. # रुमाल टाकला आहे. घाई नाही.

भाऊजींच्या कपाळावर घाम आला. पुसायला म्हणून त्यांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. दुसरा पाहिला. तोही रिकामा. निळ्या चौकडीचा रुमाल टेबलाखाली नव्हता, ओट्यावर नव्हता, चहाच्या कपांजवळही नव्हता. वहिनींनी रविवारपर्यंत गाद्या उचलून सगळं घर झाडलं, तरी तो मिळाला नाही.

याला आता वर्ष होत आलं. भाऊजी ठणठणीत आहेत. दोन्ही वेळा पोटभर जेवतात, खारू आली की तिच्याशी तासन् तास बोलत बसतात, आणि मरणाचा विषय निघाला तर पूर्वीसारखे घाबरत नाहीत. खिडकीजवळची जागा आहे माझी, एवढंच म्हणतात, आणि कुणाला काही कळत नाही. दर गुरुवारी मात्र ते वहिनींकडे जातात, चहा घेण्याआधी दादांच्या खोलीत जाऊन यादी उघडतात आणि शेवटची ओळ वाचून येतात. कारण दादांना एक खोड होती. एकदा लिहिलेलं ते पुन्हा तपासायचे आणि नको ते शब्द काढून टाकायचे.

'घाई नाही' हे दोन शब्द गेल्या गुरुवारपर्यंत तरी तिथे होते.